गल्लीसाठी तोंड बांधणारे आबा

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वांग्याचं भरीत खात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शहाद्यातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायचा म्हणून आम्ही नवरा-बायको बघायला आलो होतो. ओट्यावर धोतर-टोपीतला एक उंच म्हातारा मांडी घालून बसलेला, पुढ्यात परातभर भरीत, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची चवड. मला वाटलं, मिरची लागली. मी साताऱ्याकडची, तिखटाचा अभिमान बाळगणारी. मनात म्हटलं, खानदेशाचं एवढं नाव आणि यांनाच सोसत नाही. पाणी देऊ का विचारलं, तर त्यांनी हातानेच थांबा म्हणून खूण केली, शेवटचा घास खाल्ला, परात बोटाने पुसून घेतली आणि मग सांगितलं की खोली बघा, आवडली तर खुशाल राहा, फक्त भरीत करायचं झालं तर खिडक्या लावून करत जा.

उलगडा शेजारच्या माईंनी केला. आबांच्या भावकीत कोणाची तरी विहीर खणली जात होती आणि पाणी काही लागत नव्हतं. म्हणून आबांनी भरीत सोडलं होतं. एक दिवसासाठी नाही, चातुर्मासापुरतं नाही, कायमचं. मी पाहिलं ते त्यांचं भरताबरोबरचं शेवटचं जेवण होतं. त्या विहिरीला पुढे पाणी लागलं, पण मचूळ निघालं.

काशीला जाऊन आलं की एखादी भाजी किंवा फळ सोडायचं, ही रीत आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्या आत्याने काशीहून आल्यावर पडवळ सोडलं, आणि तिने पडवळाला त्याआधीही कधी तोंड लावलं नव्हतं, हे घरादाराला ठाऊक होतं. आबा काशीला कधी गेलेच नाहीत. ते सोडायचे ते दुसऱ्यांसाठी. कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाचा वर्षानुवर्षं कुजत पडलेला दावा, असं काही निघालं की माणसं आबांच्या ओट्यावर येऊन बसायची आणि जरा घुटमळून म्हणायची, आबा, काहीतरी सोडा ना. स्वतः सोडण्यापेक्षा आबांनी सोडलेलं देवाला जास्त पोचतं, असा गल्लीचा पक्का समज होता. शिवाय त्यात सोय होती. नवस आपला आणि उपास दुसऱ्याचा, याहून स्वस्त धर्म कुठे मिळणार?

आबांचं याबाबतचं शास्त्र मात्र कडक होतं. जे आवडतं तेच सोडायचं. सोडायच्या आदल्या दिवशी ते पोटभर खाऊन घ्यायचं, म्हणजे देवाला कळतं की आपण काय देतोय. काम झालं नाही तरी सोडलेलं परत धरायचं नाही. आणि काम जेवढं, वस्तू तेवढीच. तलाठ्याच्या परीक्षेला त्यांनी नागलीचा पापड दिला. त्याहून जास्त त्या पोराच्या लायकीचं नाही, असं त्याच्या बापासमोर सांगितलं. धानोऱ्याच्या भाचीचं लग्न जमत नव्हतं, तिला फुणके दिले, कढीसकट. डाळीचे ते वाफवलेले मुटके आबांना जीव की प्राण होते, पण भाचीही तशीच होती. एकदा कोणाची म्हैस हरवली. आबांनी सकाळी शेव सोडली आणि म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात येऊन उभी राहिली. तेव्हा मात्र ते दोन दिवस जरा गप्प होते. शेवेची घाई झाली, असं त्यांना वाटत असावं.

आबांची बायको फार पूर्वी गेलेली. मुलगा सुरतेला स्थिरावलेला, शेत पुतण्या बघायचा. आबा आपल्या हाताने भाकरी थापायचे आणि आपलं आपण जेवायचे, त्यामुळे चुलीपाशी त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. वस्तू सोडली तरी तिची चौकशी सोडायची नाही, हाही त्यांचा एक नियम होता. संध्याकाळी जेवायला बसले की खालून हाक यायची, बेटा, आज काय केलं? मी जिन्यात उभी राहून सांगायची. नुसतं शेवभाजी म्हणून भागायचं नाही. मसाला भाजून घेतला की कच्चाच वाटला, तर्री आली का, शेव आधी टाकली की नंतर, सगळं सांगावं लागे. मध्येच ते माझी चूक काढायचे, हळहळायचे, आणि माझं बोलणं तोंडी लावून भाकरी संपवायचे. असं जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आबा आहेत, ठणठणीत आहेत, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाच्या जिवाला घोर नको. आम्ही आता धुळ्याला असतो आणि ते शहाद्यातच आहेत. परवाच फोनवर माझ्या आमटीला नावं ठेवली.

आता दुधाचं सांगते. आम्ही राहायला आलो तेव्हा आबांच्या परसात एक म्हैस होती. संध्याकाळी खिचडी आणि वर दूध, हे त्यांचं जेवण. सकाळी धार काढली की पितळी लोट्यातून उभ्याउभ्या दूध प्यायचे आणि बराच वेळ कोणाशी बोलायचे नाहीत, चव जाईल म्हणून. मग माझी रेवा जन्मली, सातव्या महिन्यात, धुळ्याच्या दवाखान्यात. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवलेला. नवरा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून रजा टाकून आला होता. त्याने आबांना फोन करून कळवलं. आबांनी पोरीचं वजन विचारलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी म्हैस पुतण्याच्या गोठ्यात गेली. दूध, दही, ताक, तूप, चहा, पेढा, दुधाचं सगळं गोत्रच त्या माणसाने एका झटक्यात सोडलं.

माझा नवससायासांवर विश्वास नाही. पण त्या काचेपुढे उभं असताना कोणीतरी आपल्या पोरीसाठी दूध सोडलंय हे कळतं, तेव्हा विश्वास-बिश्वास बाजूला राहतो आणि रडू येतं. मी खूप रडले. रेवा जगली, बाळसं धरलं, घरी आली, आणि पुढे आबांच्याच ओट्यावर रांगली. तिची पहिली भाषाही आबांचीच, अहिराणी. माझं मराठी तिने नंतर शिकून घेतलं.

असं सगळं छान चाललेलं असताना, रेवा तिसरीत गेली त्या वर्षी आबा बदलायला लागले. आधी चप्पल. चालता चालता एका पायातली चप्पल मागे राहायची आणि आबा तसेच पुढे जायचे, कोणीतरी मागून आणून द्यायचं. मग चालच फाकली. पाय टाकताना जमिनीकडे बघायला लागले. भिंतीला हात लावून चालायला लागले. भाकरी थापताना हाताला मुंग्या येतात म्हणायचे. जीभ लालबुंद, गुळगुळीत झालेली. मग नावं हरवायला लागली. पुतण्याला मुलाच्या नावाने हाक मारायचे. एकदा चुलीवर डाळ ठेवली आणि ओट्यावर येऊन मला विचारलं, हा जळका वास कोणाकडे येतोय?

आता गंमत बघा. गल्लीने याचा अर्थ काय लावला? आबांचं देहभान सुटत चाललंय. एवढं सोडलं, एवढं सोडलं, आता शरीराचीही ओढ उरली नाही. पायात चप्पल आहे की नाही हे कळत नाही, म्हणजे केवढी अवस्था. माई तर हे सांगताना हात जोडायच्या. मुलगा सुरतेहून आला, त्याने आणखी वेगळा अर्थ लावला, की वय झालं, आता आबांना घेऊन जातो. तिथे चौथ्या मजल्यावर खाटेवर ठेवणार, हे उघड होतं. आबांना विचारलं तर त्यांना नेमकं कुठे जायचंय हेच आठवेना.

एका सकाळी माई ओट्यावर आल्या आणि त्यांनी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांना पाया पडलेलं कधी खपायचं नाही. कोणी वाकलं की विंचू दिसल्यासारखे पाय वर घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी पाय हलवले नाहीत. ते समोर बघून माझ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. माई उठल्या तेव्हा आबा दचकले आणि म्हणाले, तू कधी आलीस? माईंना भरून आलं. मला मात्र धस्स झालं. या माणसाला आपल्या पायांवर कोणाचं डोकं टेकलेलं कळलेलं नव्हतं. मी रिक्षा बोलावली. माईही बसल्या, संतांना दवाखान्यात नेतात म्हणून वाटभर माझ्यावर चरफडत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पायाला सुई टोचली, भुंग्यासारखा आवाज करणारा लोखंडी चिमटा घोट्याला लावून बघितला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. आबा डोळे मिटताच कलंडले, मी धरलं. मग त्यांनी विचारलं की रोज काय खाता. आबा म्हणाले, भाकर, दाळ, ठेचा. डॉक्टरीणबाई पेन धरून पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं काही नव्हतंच. तेव्हा त्यांनी विचारलं की काय खात नाही, आणि त्या उत्तराला बराच वेळ लागला. आबा विसरले तिथे माईंनी अभिमानाने भर घातली. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आम्हाला बसवून समजावून सांगितलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व अंगात जवळजवळ उरलंच नव्हतं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधादह्यातून मिळतं, आणि वय वाढलं की पोट ते नीट घेतही नाही. ते संपलं की आधी पाय जातात, मग तोल, मग डोकं. डी जीवनसत्त्वाचीही तीच रड होती. मी विचारलं की हे वयाने झालंय का.

"हे म्हातारपण नाही," त्या म्हणाल्या. "म्हातारपणावर माझ्याकडे औषध नाही. यावर आहे."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या समोरच पदराने डोळे पुसले. अजून उशीर झाला असता तर गेलेले पाय परत आले नसते, असंही त्या म्हणाल्या. पण झाला नव्हता.

आता प्रश्न आला इंजेक्शनचा. हे खाणं होतं की नाही? आबांनी बसल्याजागी विचार केला आणि डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "हाई पोटमा जास का?" पोटात नाही, दंडात जातं, असं ऐकल्यावर त्यांनी बाही वर केली. डीच्या पुडीचाही तोडगा निघाला. दुधाऐवजी ती पाण्यातून घेतली. आणि ऊन तर त्यांनी अजून कोणासाठी सोडलेलं नव्हतं.

काही आठवडे काहीच झालं नाही. आणि एका दुपारी, एप्रिल तापलेला असताना, खालून आबांची किंकाळी आली. पडले, या भीतीने मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. आबा ओट्याच्या फरशीवर अनवाणी उभे होते, एकदा हा पाय उचलत होते, एकदा तो. "भाजनं बेटा, पाय भाजनात," म्हणाले, आणि तोंडभर हसत होते. मी त्यांना सावलीत ओढलं, तर खात्री करून घ्यायला ते परत फरशीवर जाऊन उभे राहिले. मग हळूहळू नावं परत आली. पुतण्याला त्याच्याच नावाने शिवी बसली तेव्हा त्यालाही बरं वाटलं. सुरतेच्या मुलाला फोन करून आबांनी स्वतः सांगितलं की मी कुठेही येत नाही.

इथेच संपायचं, पण डॉक्टरीणबाईंनी पुढची अट घातली. इंजेक्शनं चालूच राहतील, पण नुसत्या सुईवर माणूस उभा राहत नाही. अंगावर मांस उरलेलं नव्हतं, हाडं ठिसूळ झाली होती. रोज दूध हवं, दही हवं. एकदा पडलात तर खुबा मोडेल, आणि या वयात खुबा मोडला की खाट धरली म्हणून समजा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आबांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर भाकर, दाळ, ठेचा खाल्लं.

मी समजावलं, भांडले, अबोला धरला. शेवटी एका संध्याकाळी सरळच विचारलं की माझी पोर चांगली चौथीत गेली, धडधाकट आहे, मग आता दूध प्यायला काय हरकत आहे? त्यांनी बराच वेळ टोपी काढून हातात फिरवली.

"तुन्ही पोर जगनी ना?" ते म्हणाले. "आते मी दूध पिधं आनी तिले काही व्हयनं ते?"

मग त्यांनी मला बायकोचं सांगितलं. ती आजारी पडली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी कारलं सोडलं होतं. तरणं वय, चांगलंचुंगलं खायची हौस, देवाला काय कळतंय असं वाटलं. "माले कारलं कधी आवडेच नही," आबा म्हणाले. "मी देवले फसाडं." ती त्याच महिन्यात गेली. तेव्हापासून जे आवडेल तेच सोडायचं. एवढी वर्षं मी या माणसाच्या तऱ्हेवाईकपणाला हसत आले होते, आणि त्याच्या तळाशी हे होतं.

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, तुमचं दूध मी माझ्याकडे घेते. तुमच्याऐवजी मी सोडते, तुम्ही धरा. त्यांनी तेही मोडीत काढलं. माय जन्मभर सोडतच असते, म्हणाले, तिचं देव मोजत नाही. मी वर आले आणि भांडी आपटत बसले.

हे सगळं रेवाने जिन्यात बसून ऐकलं होतं, हे मला माहीत नव्हतं. रविवारी तिने बासुंदी करायला लावली. माझी पोर बासुंदीवर तुटून पडते, पण त्या दिवशी खाल्ली तशी कधीच खाल्ली नव्हती. वाटी बोटाने पुसली आणि वर पातेलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध समोर ठेवलं तर तिने पेला सरकवून दिला आणि खाली गेली. मी मागोमाग गेले. आबांपुढे उभी राहून ती सांगत होती, "मी बी दूध सोडं, तुम्हनाकरता. जवय तुम्ही पिशात, तवय मी पिसू."

आबा आधी हसले, मग चिडले. वाढत्या अंगाच्या पोरीने दूध सोडायचं, हे काय खूळ, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंच नाही असं केलं. खरं सांगायचं तर मला पोटातून हसू येत होतं. गल्लीतल्या कोणालाही जे सुचलं नव्हतं ते माझ्या चौथीतल्या पोरीने केलं होतं. आबांना वाटलं, दोन दिवसांत विसरेल. मलाही तसंच वाटत होतं. पण गल्लीत कोणाच्या वाढदिवसाला वाटलेला पेढा तिने तसाच घरी आणला. माईंनी श्रीखंडाची वाटी पाठवली, ती परत गेली. रोज संध्याकाळी ती खाली जाऊन आबांच्या शेजारी बसायची, चेहरा पाडून नव्हे, मजेत, आणि काय काय खाल्लं नाही ते त्यांना सांगायची. आबा भाकरी मोडत ऐकून घ्यायचे.

आणि मग कुल्फीवाला आला. मे महिन्यातली शहाद्याची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि घंटी वाजवत ती गाडी नेमकी ओट्यासमोर थांबली. रेवा कुल्फीसाठी जीव टाकते. आबांना हे माहीत होतं, तिला पहिली कुल्फी त्यांनीच भरवली होती. त्यांनी एक कुल्फी घेऊन तिच्या हातात दिली. रेवाने ती धरली आणि तशीच बसून राहिली. मी दारातून बघत होते. कुल्फी वितळायला लागली, दांडीवरून तिच्या मनगटावर आली, कोपरापर्यंत ओघळली. तिने हात चाटला नाही. फक्त एकदा आवंढा गिळला.

आबांनी तो आवंढा पाहिला. आयुष्यभर असे आवंढे त्यांनी स्वतः गिळले होते, पण दुसऱ्याच्या गळ्यात उतरताना बहुतेक पहिल्यांदाच पाहत होते.

"मन्हाकरता," ते म्हणाले, रेवाला नाही, मलाही नाही. "मन्हाकरता आजपावत कोणी काहीच सोडं नही."

मग त्यांनी माझ्याकडे बघून दूध आण म्हणून सांगितलं. मी साखरही घातली नाही, परत विचार बदलेल म्हणून होतं तसं नेलं. आबांनी पेला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि थांबले. मग ते प्यायले, हळूहळू, एकदाही पेला खाली न घेता. पेला ठेवला आणि रेवाकडे टक लावून बघत राहिले, घाबरलेल्या माणसासारखे. रेवाला काहीही झालं नाही. तिने उरलेली कुल्फी दोन घासांत संपवली, मग कोपरापासून मनगटापर्यंत सगळा हात चाटला, आणि म्हणाली, आबा, मिशीला दूध लागलंय.

आबांनी मिशी पुसली नाही. उठले, चप्पल घातली, भिंतीला हात न लावता ओट्यावरून उतरले आणि त्या रणरणत्या उन्हात गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. माईंच्या दाराशी थांबले, पुतण्याच्या दाराशी थांबले, कुल्फीवाल्याला गाठून त्याच्यापाशीही थांबले. प्रत्येक जण सांगत होता, आबा, मिशीला दूध लागलंय. आणि आबा प्रत्येकाला सांगत होते, "माले माहीत शे. एक पोरनी मन्हाकरता कुल्फी सोडी व्हती."